दातातलं पाणी, दातातला पाला: जीवाश्म इनॅमलवरून प्राचीन हवामान (प्रकल्प नोंदी)

६ जानेवारी २०२५. नमुन्यांची निवड

जीवाश्म दातांच्या इनॅमलमध्ये (दातावरचं कठीण कवच) कार्बन आणि ऑक्सिजनचे जड-हलके अणू, म्हणजे समस्थानिक, मोजून त्या काळचं पाणी आणि पाला ओळखायचा आहे. नमुन्यांची यादी पक्की. उत्तर मायोसीन काळातला एकच थर, पुराचुंबकीय मोजणीवरून (खडकात गोठलेल्या जुन्या चुंबकीय दिशेवरून) वय सुमारे ९० लाख वर्षं. हिप्पॅरिऑन या तीन खुरांच्या घोड्याचे सहा दात, गेंड्याचे चार, जिराफकुळातल्या प्राण्यांचे तीन. संकेत: घो-१ ते घो-६, गें-१ ते गें-४, जि-१ ते जि-३. थराची नेमकी जागा या नोंदींत मुद्दाम दिलेली नाही. अक्षांश-रेखांश उघड झाले की अभ्यासकांआधी तिथे विक्रेत्यांची फावडी पोहोचतात.

प्रत्येक जातीत एकाच बाजूचा, एकाच क्रमांकाचा दात घेतला आहे. डावे-उजवे मिसळले तर एकाच प्राण्याचे दोन दात दोन प्राणी म्हणून मोजले जातात आणि सरासरीवरचा विश्वास फुकट वाढतो. एका जातीचे पाच-सहा प्राणी ही खालची मर्यादा समजायची, कारण एकाच पाणवठ्यावरच्या कळपातही ऑक्सिजनच्या मूल्यात (जड-हलक्या अणूंचं प्रमाण ठरलेल्या मानकापासून किती सरकलं ते; आकडा खाली म्हणजे हलकं) सहज १ ‰ (दरहजारी) फरक पडतो. या हिशेबाने गेंडा आणि जिराफ तोकडे आहेत. त्यांचे आकडे आधारासाठी वापरायचे, निकाल घोड्यांवर लावायचा.

घोड्याची पहिली दाढ टाळली. आधुनिक घोड्यात ती जन्माच्या सुमारास खनिज धरू लागते आणि जेमतेम दोन वर्षांत पुरी होते, म्हणजे तिचा बराच भाग आईच्या दुधावर घडतो. दुधातलं पाणी आईच्या शरीरातून गाळून आलेलं असतं आणि त्यात ऑक्सिजन-१८ जास्त असतो. त्यामुळे पहिल्या दाढेवरून काढलेला पाऊस खोटा निघतो. चौथी उपदाढ साधारण १९ ते ५१ महिन्यांच्या वयात बनते, तोवर पिल्लू दूध सोडून गवतावर आलेलं असतं. सहाही नमुने खालच्या डाव्या चौथ्या उपदाढा आहेत.

इनॅमलच का? त्यात वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असतं, स्फटिक मोठे आणि घट्ट असतात. डेंटिन (इनॅमलखालचा थर) आणि हाड सच्छिद्र असतं, त्यात जमिनीखालचं पाणी लाखो वर्षं खेळतं आणि मूळ समस्थानिक बदलून टाकतं. डेंटिनही खरवडणार आहोत, पण ते बिघाडाचा साक्षीदार म्हणून.

९ जानेवारी

संग्रहालयाची परवानगी मिळाली. नमुना खरवडणं म्हणजे तो कायमचा कमी करणं, म्हणून आधी चारही बाजूंनी मोजपट्टीसह छायाचित्रं, मग सिलिकॉन साचा आणि त्यातून रेझिनची प्रतिकृती. साचा काढण्याआधी दाताचा जो भाग खरवडायचा तो झाकून ठेवला, सिलिकॉनमधलं तेल इनॅमलच्या फटींत शिरतं.

जुन्या संग्रहातल्या दातांवर लाखेचा किंवा पॅरालॉइडचा (कृत्रिम राळेचा) थर असतोच असं धरून चालायचं. अतिनील दिव्याखाली लाख नारिंगी चमकते. लाख इथेनॉलमध्ये सुटते, पॅरालॉइड ॲसिटोनमध्ये. कापसाच्या बोळ्याने पुसून भागत नाही, वरचा ०.१ ते ०.२ मिमी थर यंत्राने घासून टाकून द्यावा लागतो. या थरातला कार्बन सेंद्रिय आहे, पण सांध्यांत भरलेल्या चुन्याच्या जुन्या लुकणातला कार्बोनेट त्याहून वाईट. गें-२ च्या मुळाशी असं लुकण सापडलं, तो भाग सोडून दिला.

१५ जानेवारी. सरासरी नमुने

दंतवैद्यकातलं छोटं ड्रिल, ०.८ मिमीचा हिऱ्याचा बिट. दाताच्या उंचीभर, माथ्यापासून मुळापर्यंत, एकच उभी पट्टी खरवडली, म्हणजे वर्षभराचे ऋतू एकत्र येतात. आडवी खाच घेतली असती तर एखाद्याच ऋतूचं मूल्य हाती आलं असतं आणि ते वार्षिक सरासरी समजून पुढे गेलो असतो. प्रत्येक दातातून ८ ते १० मिग्रॅ भुकटी.

वेग कमी ठेवायचा आणि थांबत थांबत खरवडायचं. इनॅमल तापलं की कार्बोनेट सुटू लागतं. जळका वास आला तर तो बहुधा डेंटिनमधल्या किंवा लेपातल्या सेंद्रिय द्रव्याचा असतो, म्हणजे बिट इनॅमलच्या पार गेला किंवा वरचा थर नीट निघालेला नाही. ताज्या दातात इनॅमल काचेसारखं पांढरट आणि डेंटिन पिवळट दिसतं, पण जीवाश्मात दोन्ही तपकिरी असू शकतात. तिथे रंगापेक्षा हाताला लागणारा प्रतिकार खरा: डेंटिनमध्ये बिट एकदम सैल धावतो.

भुकटी ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर पाडून काचेच्या नळीत. प्लास्टिकच्या नळीत कोरड्या हवेत स्थिर विजेने भुकटी उडते आणि भिंतीला चिकटून बसते. दोन दातांच्या मध्ये बिट ०.२५ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवून, अल्ट्रासोनिक पाण्यात धुऊन, इथेनॉलने वाळवायचा.

डेंटिनचे पाच नमुने आणि दातांना चिकटलेल्या गाळातल्या चुनखडीच्या गोळ्यांचे चार नमुने वेगळे ठेवले.

२१ जानेवारी. ऋतूंसाठी खाचा

घो-४ च्या इनॅमलची सलग उंची ४८ मिमी, सगळ्यांत कमी झिजलेला दात. वाढीच्या दिशेला काटकोनात आडव्या खाचा, दोन खाचांच्या मध्यांत १.५ मिमी अंतर, एकूण २८. प्रत्येकीतून ५ ते ६ मिग्रॅ.

खोली सगळीकडे सारखी ठेवणं इथे सर्वांत अवघड आहे. इनॅमलचे थर पृष्ठभागाशी तिरके बसतात. खाच खोल गेली की ती वेगळ्या काळाचं इनॅमल उचलते. म्हणून खोली इनॅमलच्या जाडीच्या दोन तृतीयांशांवर थांबवली आणि डेंटिनचा सांधा गाठला नाही. सूक्ष्मदर्शक सतत डोळ्यांसमोर हवा. माथ्याजवळच्या पहिल्या दोन खाचा झिजेच्या पृष्ठभागाशी फार जवळ आहेत, त्यांवर खूण केली.

२७ जानेवारी. इन्फ्रारेड तपासणी

रसायनांत पैसा आणि भुकटी घालवण्याआधी प्रत्येक नमुन्याचा इन्फ्रारेड वर्णपट घेतला. १ ते २ मिग्रॅ पुरतं आणि तीच भुकटी परत वापरता येते. पाहायचं ते चार ठिकाणी:

७१२ प्रति सेंमीला शिखर दिसलं तर नमुन्यात कॅल्साइट आहे, म्हणजे गाळातून आलेला कार्बोनेट. ५६५ आणि ६०५ ची दोन शिखरं एकमेकांपासून किती फाटलेली आहेत त्यावरून स्फटिकांची सुबकता मोजतात. ती ताज्या इनॅमलपेक्षा फार वाढलेली असेल तर खनिज नव्याने घडलं आहे. १४१५ आणि १०३५ यांच्या उंचीचं गुणोत्तर कार्बोनेट किती टिकला ते सांगतं. आणि १०९६ च्या आसपास खांदा उठला तर फ्लोराइड आत शिरलं आहे.

एक सूचना: दाबून मोजण्याच्या पद्धतीतले आकडे आणि पोटॅशियम ब्रोमाइडच्या टिकलीतले आकडे एकमेकांशी ताडायचे नाहीत. शिखरांची उंची दोन्हींत वेगळी येते. आपली तुलना आपल्याच यंत्रावरच्या आधुनिक इनॅमलशी.

गें-३ मध्ये ७१२ चं शिखर ठळक. बाकी बारा दातांत नाही. डेंटिनच्या पाचपैकी चारांत आहे, ते अपेक्षितच.

३ फेब्रुवारी. धुलाई

सेंद्रिय द्रव्य काढायला हायड्रोजन पेरॉक्साइड की सोडियम हायपोक्लोराइट, यावर प्रयोगशाळागणिक मतं वेगळी. हायपोक्लोराइट सेंद्रिय द्रव्य जास्त नेटाने काढतं, पण नमुन्यात क्लोराइड मागे ठेवतं आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड धरू शकतं. आपल्याला फॉस्फेटमधला ऑक्सिजन मोजायला काही नमुन्यांचं सिल्व्हर फॉस्फेट करायचं आहे, तिथे क्लोराइड घातक. ९० लाख वर्षं जुन्या इनॅमलमध्ये सेंद्रिय द्रव्य जवळपास उरलेलंच नसतं. म्हणून ३ टक्के पेरॉक्साइड, खोलीच्या तापमानाला, एक तास. पाण्याने तीनदा धुलाई, दर वेळी सेंट्रिफ्यूज.

मग बाहेरचा कार्बोनेट काढायला ०.१ मोलर ॲसेटिक आम्ल, कॅल्शियम ॲसिटेटने सामू ४.७ वर स्थिर केलेलं, दर मिलिग्रॅमला ०.०४ मिली. ५ मिग्रॅच्या नमुन्याला ०.२ मिली. चार तास, त्याहून जास्त नाही. हे प्रमाण सगळ्या नमुन्यांत तंतोतंत सारखं असणं हे आम्लाच्या निवडीपेक्षा महत्त्वाचं आहे. जास्त आम्ल किंवा जास्त वेळ दिला तर मूळ इनॅमलही विरघळून परत बसतं आणि ऑक्सिजन काही दशांश ‰ सरकतो. सगळ्यांना सारखं वागवलं तर निदान सगळे सारखे सरकतात. गें-३ ला जास्त वेळ आम्लात ठेवण्याचा मोह टाळला. त्याऐवजी त्याच दाताच्या भेगा नसलेल्या जागेतून नवा नमुना घ्यायचा.

पुन्हा चारदा धुलाई, ५० अंश सेल्सिअसला रात्रभर वाळवण. धुलाईत भुकटीचा तिसरा ते अर्धा हिस्सा जातो, त्यातला बराचसा पिपेटने पाणी उपसताना. पिपेटचं टोक तळापासून ५ मिमी वर ठेवायचं आणि शेवटचे थेंब सोडून द्यायचे. खाचांच्या नमुन्यांत हे पाळलं नाही तर एक-दोन खाचा रित्याच होतात आणि आलेखात भोक पडतं.

सोबत आधुनिक घोड्याच्या इनॅमलची एकजीव दळलेली भुकटी, हे आपलं घरचं मानक, तीही याच वाटेने गेली. एक भाग धुतलेला, एक भाग न धुतलेला. दोघांतला फरक हाच धुलाईचा परिणाम.

१२ फेब्रुवारी. मास स्पेक्ट्रोमीटर (समस्थानिक मोजणारं यंत्र)

७० अंशांवरचं १०३ टक्क्यांहून तीव्र फॉस्फोरिक आम्ल, निघालेला कार्बन डायऑक्साइड थंडीने गोठवून पाण्यापासून वेगळा, मग मापन. शुद्ध कॅल्साइटमध्ये ६० टक्के कार्बोनेट, इनॅमलमध्ये वजनाने ३ ते ५ टक्के. म्हणून जिथे ४० मायक्रोग्रॅम कॅल्साइट पुरतं तिथे इनॅमल ६०० ते ७०० मायक्रोग्रॅम घालावं लागतं. एवढी भुकटी नळीच्या तळाशी गोळा होते आणि आम्ल वरूनच सरकून जातं. नळी हलकेच ठोकून भुकटी पसरवली तर प्रतिक्रिया पुरी होते. अर्धवट प्रतिक्रियेत ऑक्सिजनचं मूल्य बिघडतं.

मोजपट्टी दोन टोकांना बांधली: आयएईए-६०३ (कार्बन +२.४६, ऑक्सिजन −२.३७) आणि एनबीएस-१८ (कार्बन −५.०१, ऑक्सिजन सुमारे −२३). जुनं एनबीएस-१९ आता मिळत नाही. दोन्ही मानकं कॅल्साइटची आहेत, आणि ऑक्सिजनचं आम्लातलं विभाजन (निघणाऱ्या वायूत जड-हलका ऑक्सिजन किती वाटला जातो ते; हिशेबात त्याचा आकडा म्हणजे आम्ल-गुणक) इनॅमलमध्ये कॅल्साइटसारखं नसतं, इतकंच काय ते आधुनिक आणि जीवाश्म इनॅमलमध्येही थोडं वेगळं असतं. हा फरक घरच्या मानकावरून पकडायचा. कॅल्साइटच्या आम्ल-गुणकावर इनॅमलचा ऑक्सिजन मोजून छापला तर दुसऱ्या प्रयोगशाळेच्या आकड्यांशी जुळणार नाही, आणि दोष कुठे आहे हे कळणारही नाही.

घरच्या मानकाची पुनरावृत्ती: कार्बन ±०.०६, ऑक्सिजन ±०.१२ ‰.

१४ फेब्रुवारी

वायूच्या दाबावरून प्रत्येक नमुन्यातला कार्बोनेट काढला. बारा दात ३.४ ते ४.९ टक्क्यांत. गें-३ चा जुना नमुना ११ टक्के, त्याच दाताचा नवा नमुना ४.३. जुना रद्द. ही तपासणी फुकट मिळते, यंत्र दाब नोंदवतच असतं, तरी प्रकाशित तक्त्यांत हा स्तंभ क्वचितच दिसतो.

डेंटिनचा ऑक्सिजन गाळातल्या चुनखडीकडे झुकलेला, इनॅमलचा नाही. एकाच दातात दोन थर इतके वेगळे राहिले आहेत म्हणजे इनॅमलने आपलं जपलं आहे.

२४ फेब्रुवारी. फॉस्फेटची उलटतपासणी

कार्बोनेट आणि फॉस्फेट हे एकाच खनिजातले दोन वेगळे ऑक्सिजन-साठे. जिवंत प्राण्यात दोन्ही एकाच पाण्यातून आणि ३७ अंशांच्या आसपास बनतात, त्यामुळे त्यांच्यातलं अंतर ८ ते ९ ‰ च्या जवळपास राहतं. गाडल्यानंतर कार्बोनेट आधी बिघडतो. जंतूंच्या क्रियेत फॉस्फेटही बिघडतो, पण दोन्ही एकाच वेगाने बिघडत नाहीत, म्हणून अंतर मोडतं. घो-१, घो-५ आणि गें-१ निवडले.

४ मिग्रॅ भुकटी २ मोलर हायड्रोफ्लोरिक आम्लात रात्रभर. कॅल्शियम फ्लोराइड तळाशी बसतं, वरचं द्रावण वेगळं. अमोनियाने उदासीन करून सिल्व्हर नायट्रेट. पिवळे दाणे बसले की सिल्व्हर फॉस्फेट. तपकिरी झाले तर सामू फार वर गेला, सिल्व्हर ऑक्साइड पडलं. पांढरा साका म्हणजे क्लोराइड. उजेडात दाणे काळपटतात, नळ्या पत्र्यात गुंडाळून ठेवायच्या. हायड्रोफ्लोरिक आम्लाचं काम एकट्याने करायचं नाही, कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल हाताशी उघडी असल्याशिवाय बाटली उघडायची नाही. हे आम्ल सुरुवातीला फारसं चुरचुरत नाही आणि म्हणूनच आत पोहोचतं.

०.३ मिग्रॅ दाणे चांदीच्या कुपीत, १४५० अंशांवर कार्बनच्या नळीत कार्बन मोनॉक्साइड. सोबत एनबीएस-१२०सी हा फॉस्फेट खडक पहिल्या पायरीपासून याच रसायनातून नेला. त्याचं मूल्य २१.७ ‰ च्या आसपास यायला हवं, आलं. तिन्ही दातांत अंतर ८.६, ९.१ आणि ८.९.

५ मार्च. कार्बन

सरासरी: घोडे −११.०, गेंडे −१२.१, जिराफ −१२.८ ‰.

इनॅमलचा कार्बन खाल्लेल्या पाल्यापेक्षा सुमारे १४.१ ‰ जड असतो, हे सर्लिंग आणि हॅरिस यांनी १९९९ मध्ये मोठ्या खुरी प्राण्यांवर दाखवलं. शरीराचा आकार आणि पचनाची पद्धत यांनी हा आकडा थोडा हलतो, हे लक्षात ठेवून पुढे.

इथे सरळ वजाबाकी करण्याची सवय फार महाग पडते. −११.० मधून १४.१ वजा केले की −२५.१ येतं. पण हा फरक गुणाकाराचा आहे: (१००० − ११.०) भागिले १.०१४१, वजा १०००, म्हणजे −२४.७५. फरक फक्त ०.३५ ‰. तो पावसात किती होतो ते पाहा.

त्या काळच्या हवेतला कार्बन −६.३ धरला, तुलनेसाठीची आधुनिक हवा −८.०. म्हणजे १.७ ‰ खाली सरकवायचं: −२६.४५. सी-३ वनस्पती म्हणजे झाडं, झुडपं आणि काही गवतं; त्यांचा कार्बन हलका असतो आणि पाऊस कमी झाला की जड होतो. मॅथ्यू कोन यांचं २०१० चं सी-३ वनस्पतींचं समीकरण असं: कार्बन = −१०.२९ + ०.०००१९ × उंची (मीटर) − ५.६१ × लॉग (पाऊस + ३००) − ०.०१२४ × अक्षांश. लॉगचा पाया १०, पाऊस मिलिमीटरमध्ये. समुद्रसपाटी आणि ३० अंश अक्षांश धरून वर्षाचा पाऊस ३५० मिमी. सरळ वजाबाकीचा आकडा घातला असता तर ४५० मिमी. ०.३५ ‰ ची किंमत शंभर मिलिमीटर.

पण खरा पेच पुढे आहे. त्याच थरातल्या गेंड्यांवरून पाऊस ७२० मिमी येतो आणि जिराफांवरून १०५०. एका जागी, एका काळात तीन पाऊस असू शकत नाहीत. समीकरण संपूर्ण वनस्पतिसृष्टीच्या सरासरीसाठी आहे, एका प्राण्याच्या आवडीनिवडीसाठी नाही.

घोड्याचं मूल्य दोन कारणांनी वर जाऊ शकतं. एक, त्याने उघड्यावरची, पाण्याला तरसलेली सी-३ झुडपं आणि गवत खाल्लं. दोन, त्याच्या आहारात थोडं सी-४ गवत (उष्ण मुलखातलं, जड कार्बनचं) होतं. जिराफाचा पाला शुद्ध सी-३ (आधुनिक हवेच्या हिशेबाने −२८.२) आणि सी-४ गवत −१२.५ धरलं तर घोड्याच्या −२६.४५ ला ११ टक्के सी-४ पुरतं. हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिक थरांत सी-४ गवतांचा मोठा प्रसार ८० ते ६० लाख वर्षांपूर्वीचा. ९० लाखांच्या थरात ११ टक्के अशक्य नाही, पण सरासरी मूल्यावरून ठरत नाही.

३५० हा आकडा अहवालात जाऊ देऊ नये. तो दिसायला अगदी नेमका आहे, हाच त्याचा धोका.

१२ मार्च. ऑक्सिजन

घोड्यांची सरासरी −५.० ‰, खडकांच्या मापात. पाण्याच्या मापात आणायला १.०३०९१ ने गुणून ३०.९१ मिळवायचे: २५.७६. कार्बोनेटवरून फॉस्फेट, इयाकुमिन आणि सहकाऱ्यांचं १९९६ चं समीकरण, ०.९८ पट वजा ८.५: १६.७४. फॉस्फेटवरून पिण्याचं पाणी, घोड्यांसाठी डेल्गाडो उएर्तास आणि सहकारी, १९९५: (१६.७४ − २२.६०) भागिले ०.७१. उत्तर −८.२५.

पुढची पायरी बरेच जण डोळे मिटून चढतात: विली डान्सगार्ड यांचं १९६४ चं पाऊस-तापमानाचं नातं, ऑक्सिजन = ०.६९५ × तापमान − १३.६. त्यातून वार्षिक सरासरी ७.७ अंश सेल्सिअस येतं. याच थरात मगरीच्या पाठीची हाडं आहेत. मगर ७.७ अंशांच्या प्रदेशात राहत नाही.

गणितात चूक नाही, समीकरण चुकीच्या मुलखात आणलं आहे. ते मध्यम आणि उच्च अक्षांशांच्या किनारी केंद्रांवरून बसवलेलं आहे, तिथे पावसातला ऑक्सिजन तापमानामागे चालतो. मोसमी मुलखात तो पावसाच्या मात्रेमागे चालतो: जोरदार पावसात जड ऑक्सिजन आधी गळून जातो आणि उरलेला पाऊस हलका होतो. शिवाय घोडा जर डोंगरातल्या बर्फावर पोसलेल्या नदीचं पाणी पीत असेल तर त्याच्या दातात त्या उंचीचा पाऊस आहे, पायथ्याचा नाही. म्हणून इथे थांबायचं. −८.२५ हे पाणी म्हणून छापायचं. तापमानाचा स्तंभ काढून टाकला.

गेंडे −५.६, जिराफ −२.१. हत्ती, गेंडा, पाणघोडा हे पाणी पिऊन जगणारे, त्यांचं मूल्य पाणवठ्याच्या जवळ राहतं. जिराफ पाल्यातल्या पाण्यावर जगतो आणि ते बाष्पीभवनाने जड होतं. हवा जितकी कोरडी तितकं दोघांमधलं अंतर मोठं, हा कोरडेपणाचा निर्देशक लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मांडला. ३.५ ‰ अंतर पाहता वर्षाचा काही भाग तरी चांगलाच कोरडा होता. जिराफ तीनच असल्याने याहून पुढे जायचं नाही. शिवाय हा प्राचीन प्राणी आजच्या जिराफासारखाच पाणी टाळणारा होता हे गृहीतक आहे.

१९ मार्च. घो-४ च्या खाचा

२८ पैकी २६ खाचा वापरल्या. ऑक्सिजन −६.८ ते −३.२, एक पूर्ण लाट आणि दुसरीची सुरुवात. आधुनिक घोड्याचा दात सुरुवातीला वर्षाला ३ ते ४ सेंमी वाढतो. त्या हिशेबाने हा तुकडा सव्वा वर्षाच्या आतबाहेर, लाटेशी जुळतं.

३.६ ‰ च्या लाटेला पिण्याच्या पाण्यात किमान ५ ‰ ची लाट हवी. किमान अशासाठी, की इनॅमल एका दिवसात घट्ट होत नाही. आधी सांगाडा बसतो, बरंचसं खनिज नंतरच्या महिन्यांत भरतं, त्यामुळे शेजारच्या ऋतूंचं पाणी एकमेकांत मिसळतं आणि लाट बुटकी होते. आपल्या खाचेची खोली तिला आणखी बुटकी करते.

आता कार्बन. −११.६ ते −१०.१, आणि तो ऑक्सिजनच्या उलट चालतो: ऑक्सिजन खाली तेव्हा कार्बन वर, खाच-दीड खाचेच्या उशिराने. उशीर अपेक्षित आहे, शरीरातला कार्बन पाण्यापेक्षा सावकाश बदलतो.

५ मार्चचा पेच इथे सुटतो. सी-३ वनस्पती पाण्याला तरसल्यामुळे कार्बन वर गेला असता तर तो कोरड्या ऋतूत गेला असता, आणि कोरड्या ऋतूत बाष्पीभवनाने ऑक्सिजनही वर असतो. दोन्ही लाटा हातात हात घालून चालल्या असत्या. इथे कार्बन सर्वांत वर जातो तो हलक्या पाण्याच्या, म्हणजे भर पावसाच्या दिवसांत. पावसात उगवणारं, उन्हाळी पावसाचं सी-४ गवत हेच त्याचं सोपं स्पष्टीकरण. बर्फाचं पाणी उन्हाळ्यात नदीला येऊन ऑक्सिजन खाली नेतं ही शंका उरते, पण त्यातून कार्बनची लाट निघत नाही.

म्हणजे घोड्यांवरून कोन यांचं समीकरण लावायचंच नाही. पावसासाठी जिराफ आणि गेंडा उरतात. जिराफाच्या −२८.२ वर ±०.५ ‰ धरलं तरी पाऊस ८०० ते १३६० मिमी असा पसरतो, आणि वरच्या बाजूला जास्त, कारण नातं लॉगचं आहे.

एकाच दातावर हे उभं आहे. घो-२ आणि घो-६ च्या खाचा घ्यायला संग्रहालयाकडे अर्ज पाठवला.

२६ मार्च. चुकीची मर्यादा

यंत्राची ±०.१२ ‰ ही मर्यादा निकालाला चिकटवून छापणं दिशाभूल आहे. खरी साखळी अशी: सहा घोड्यांतला विस्तार ०.९, म्हणजे सरासरीची चूक ०.३७, आणि पाण्यात बदलताना १.४२ पट होऊन ०.५. कार्बोनेट-फॉस्फेट रूपांतराची ०.५ धरली तर पाण्यात ०.७. फॉस्फेट-पाणी समीकरणाची आणखी ०.७ धरली. वर्ग करून मिळवून वर्गमूळ: ±१.१ ‰. यात यंत्राचा वाटा जवळपास दिसतच नाही. पैसा असेल तर तो चांगल्या यंत्रावर नव्हे, आणखी चार घोड्यांवर घालावा.

आधुनिक घोड्यांवर बसवलेलं समीकरण हिप्पॅरिऑनला चालतं का, ही चूक या बेरजेत नाही. तिला आकडा देता येत नाही, म्हणून शब्दांत लिहायची.

२ एप्रिल. साठवण

तक्त्यात प्रत्येक नमुन्यासाठी: दाताचा क्रमांक आणि बाजू, खाचेचं मुळापासून अंतर मिमीमध्ये, धुलाईआधीचं आणि नंतरचं वजन, कार्बोनेट टक्के, ७१२ चं शिखर आहे-नाही, कच्ची मूल्यं, त्याच फेरीतल्या मानकांची मूल्यं, वापरलेला आम्ल-गुणक. रूपांतरित पाणी आणि पाऊस वेगळ्या पानावर, समीकरणांसह. समीकरणं बदलत राहतील, कच्च्या मूल्यांवरून कुणालाही नव्याने गणित करता यावं. गें-३ ची रद्द केलेली मूल्यंही तक्त्यात आहेत, कारणासह.

उरलेली भुकटी काचेच्या नळ्यांत, सिलिका जेलसोबत. न धुतलेली आणि धुतलेली वेगळी. घो-४ च्या खाच ९ आणि १७ मध्ये प्रत्येकी १ मिग्रॅहून कमी शिल्लक, त्या नळ्यांवर लाल पट्टी.